थरारपटाच्या प्रारंभावरील प्रेक्षक-प्रतिसाद (विद्यार्थी-निर्मिती)

माध्यम-अभ्यासाच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला थरारपटाचा आरंभीचा भाग निवडक प्रेक्षकांना दाखवून त्यांची मते नोंदविण्याची प्रथा. ती मुख्यतः इंग्लंडमधील ए-लेव्हल (उच्च माध्यमिक स्तरावरील, दोन वर्षांच्या) ‘मीडिया स्टडीज’च्या प्रकल्पकार्यात रुजली. ओसीआर या परीक्षामंडळाच्या 2008 पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी नव्या कथापटाची श्रेयनामावली व आरंभ, कमाल दोन मिनिटांचा, तयार करावा लागे. गटात जास्तीत जास्त चार विद्यार्थी असत आणि 100 पैकी 60 गुण प्रत्यक्ष निर्मितीला असत. ‘प्रेक्षक-प्रतिसादातून काय शिकलात?’ हा प्रश्न मात्र दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचा होता. पहिल्या वर्षी प्रेक्षक कोण असेल आणि त्याला कसे आकर्षित केले, एवढेच विचारले जाई. या दोहोंची गल्लत अनेकदा होते.

प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत तिचा संबंध हॉलिवुडच्या पूर्वप्रदर्शनांशी (चित्रपट प्रदर्शित होण्याआधी प्रेक्षकांना दाखवून प्रतिक्रिया अजमावण्याशी) जोडते व त्याचे श्रेय सामान्यतः 1920–30 च्या दशकातील विनोदी नट हॅरल्ड लॉइड यांना देते. दुसरे मत रेडिओ-संशोधनाकडे बोट दाखवते. पॉल लाझार्सफेल्ड व फ्रँक स्टँटन या अमेरिकेतील संशोधकांनी 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘प्रोग्रॅम ॲनालायझर’ हे यंत्र तयार केले. कार्यक्रम ऐकताना श्रोता आवडल्यास हिरवे, नावडल्यास लाल बटण दाबी; दोन्ही न दाबल्यास तो तटस्थ मानला जाई, आणि ही नोंद सरकत्या कागदी पट्टीवर उमटे. कोणत्या क्षणी पसंती बदलली हे त्यातून कळे, पण का बदलली हे कळत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी केंद्रित मुलाखतीची (ऐकलेल्या वा पाहिलेल्या विशिष्ट गोष्टीवरच प्रश्न विचारण्याची) पद्धत विकसित केली. तिच्यावरील त्यांचा व पॅट्रिशिया केंडल यांचा लेख 1946 चा. आजचा ‘फोकस ग्रुप’ (मते जाणून घेण्यासाठी लहान गटात घेतलेली चर्चा) थेट तिच्यातूनच आला असे सर्रास लिहिले जाते. स्वतः मर्टन यांनी 1987 मध्ये दोहोंतील सातत्याइतकाच खंडही दाखवून दिला. वर्गातील प्रथा आधी क्षण आणि मग कारण विचारते, म्हणून तिचे नाते या दुसऱ्या परंपरेशी अधिक जुळते.

थरारपटाच्या आरंभाचा प्रतिसाद घेताना एक खास अडचण येते. पूर्ण चित्रपटाबद्दल समाधान विचारता येते. आरंभाबद्दल अपेक्षाच विचारावी लागते. त्यामुळे ‘आवडले का?’ यापेक्षा ‘पुढे काय होईल?’, ‘धोका कोणाला आहे?’, ‘तसे कशावरून वाटले?’ हे प्रश्न अधिक उपयोगी ठरतात. शिवाय उत्कंठा पहिल्या पाहण्यातच पुरती मोजता येते. कच्च्या संकलनावर मत दिलेला वर्गमित्र अंतिम आवृत्तीला नवखा प्रेक्षक राहत नाही. म्हणून प्रत्येक आवृत्तीसाठी निदान काही प्रेक्षक राखून ठेवणे आवश्यक आहे, आणि याच बाबीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ओळखीची माणसे सौम्य बोलतात, यावर निनावी लेखी उत्तरे हा साधा उपाय आहे.

प्रतिसादानुसार बदल करणे ध्वनीच्या बाबतीत सर्वांत सोपे असते, कारण पुन्हा चित्रीकरण करावे लागत नाही. मात्र वरील अभ्यासक्रमानुसार संगीत व ध्वनिपरिणाम स्वनिर्मित किंवा स्वामित्वहक्कमुक्त असणे बंधनकारक होते. प्रेक्षकांचा वयोगट ठरविताना ब्रिटिश चित्रपट-प्रमाणन मंडळाचे, 1982 पासून रूढ असलेले, ‘15’ व ‘18’ (अनुक्रमे 15 व 18 वर्षे आणि त्यावरील वयासाठी) हे वर्ग आधारास घेतले जातात.