मिनोटॉर मेणबत्तीला घाबरतोय का?

पिकासोचं 'मिनोटोरोमाकी' हे १९३५ सालचं एचिंग, म्हणजे तांब्याच्या प्लेटवरून छापलेलं चित्र, बघायला घेतलं की माझी नजर आधी त्या मेणबत्तीवरच जाते. हॅट घातलेली छोटी मुलगी, एका हातात फुलं, एका हातात मेणबत्ती, समोरून मिनोटॉर, म्हणजे ग्रीक पुराणातला बैलाच्या डोक्याचा धिप्पाड माणूस, हात पुढे करून येतोय आणि ही पोरगी ढिम्म उभी. मधे पोट फाटलेला घोडा, त्याच्यावर आडवी पडलेली बाई-बुलफायटर, डावीकडे शिडीवरचा दाढीवाला, वर खिडकीत दोन बायका आणि कबुतरं.

मुलगी म्हणजे निरागसता, बैल म्हणजे वासना, उजेड म्हणजे ज्ञान, असं धडाधड सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते गाईड वाचून पेपर सोडवल्यासारखं वाटतं. त्याआधी जरा तांब्याच्या प्लेटकडे बघू.

एचिंगमधे प्लेटवर मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर देतात आणि सुईने त्यावर चित्र ओरखडतात, म्हणजे तेवढंच तांबं उघडं पडतं, मग प्लेट आम्लात ठेवली की आम्ल फक्त उघड्या रेषा खात जातं. नायट्रिक आम्ल असेल तर रेषांवर बारीक बुडबुडे धरतात, ते हटवायला चक्क पक्ष्याचं पीस फिरवतात. जितका वेळ ठेवाल तितकी रेष खोल, खोल रेषेत शाई जास्त, छपाई काळी. म्हणजे ज्योतीभोवतीचा तो पांढरा उजेड पिकासोने काढलेलाच नाहीये! तिथे आम्लाला शिरू दिलं नाही, बस, उरलाय तो कोरा कागद.

दुसरी गंमत, छापताना चित्र आरशासारखं उलटतं. कागदावर उजवीकडून येणारा मिनोटॉर प्लेटवर डावीकडून येत होता. त्यामुळे डावी-उजवी बाजू धरून मोठमोठे अर्थ काढणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

आता पुराण. ग्रीक कथेत क्रीट बेटावरच्या भुलभुलैयात मिनोटॉर कोंडलेला असतो आणि थिसियस नावाचा वीर त्याला मारतो. इथे भुलभुलैया नाही, थिसियस नाही, आणि तलवार आहे ती त्या निपचित पडलेल्या बाईच्या हातात. घोडा तर ग्रीक कथेतला नाहीच, तो आलाय थेट स्पेनच्या बुलरिंगमधून. १९२८ पर्यंत तिथे पिकादोरच्या, म्हणजे घोड्यावर बसून बैलाला भाला टोचणाऱ्याच्या, घोड्याला जाड संरक्षक झूल घालायची सक्ती नव्हती, शिंग लागून आतडी बाहेर येणं नेहमीचंच. पिकासोचा जन्म १८८१चा, लहानपणापासून बुलफाइट बघितलेला माणूस, त्यामुळे तो घोडा 'प्रतीक' असेलही पण आधी तो घोडा आहे.

आणि आपले डोळे? रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांचे १९६०च्या दशकात गाजलेले प्रयोग आहेत, चिमुकला आरसा बसवलेली इवलीशी टोपी थेट डोळ्यालाच चिकटवून त्यांनी नजर कुठेकुठे फिरते ते नोंदवलं. चित्र तेच, रशियन चित्रकार रेपिनचं, बघणाराही तोच, पण चित्रातल्या लोकांची वयं विचारली की नजर चेहऱ्यांवर आणि घरची सांपत्तिक स्थिती विचारली की कपडे-फर्निचरवर. म्हणजे 'राक्षस हल्ला करतोय' असं कुणी आधीच कानात घातलं की तुम्ही हल्लाच शोधणार.

मिनोटॉरचा तो पुढे केलेला पंजा घ्या. उजेड डोळ्यांवर येतोय म्हणून आडवा धरलाय की मेणबत्ती विझवायला निघालाय? प्रिंटच्या फोटोवर अंगठ्याने ज्योत झाकून बघा, मला तरी तो लगेच हल्लेखोर दिसायला लागतो. अंगठा काढला की आंधळ्यासारखा चाचपडत येतोय असं वाटतं. मग फोनमधे फोटो आरशासारखा उलटा करून, म्हणजे पिकासोला प्लेटवर दिसत होता तसा, परत एकदा बघा.