सर गावेन अँड द ग्रीन नाइट

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचले गेलेले इंग्रजी रोमान्सकाव्य, म्हणजे नाइटांच्या (सरदार-योद्ध्यांच्या) साहसांची काव्यकथा. कर्ता अज्ञात. दंतकथेतला ब्रिटनचा राजा आर्थर याचा भाचा गावेन याने दिलेला शब्द, त्याला मिळालेला पाहुणचार आणि त्याच्या हातून घडलेली एक चूक हा याचा विषय. त्या काळच्या बहुतेक रोमान्समध्ये नाइटची अब्रू रणांगणात ठरते. इथे मात्र वाटेत भेटलेले अजगर, लांडगे, रानमाणसे, अस्वले आणि राक्षस कवीने चार-दोन ओळींत उरकले आहेत. त्यांच्यापेक्षा थंडी वाईट होती, असेही तो सांगून टाकतो. खरी परीक्षा सकाळच्या वेळी, शयनगृहात, अंथरुणावर पडल्यापडल्या होते, आणि ती चालू आहे हे परीक्षा देणाऱ्याला ठाऊकच नसते.

काव्याचे एकच हस्तलिखित उरले आहे. ‘पर्ल’, ‘क्लीननेस’ आणि ‘पेशन्स’ ही तीन धार्मिक काव्येही त्याच हस्तलिखितात आहेत. चारही काव्ये एकाच कवीची असावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात. बोली इंग्लंडच्या वायव्य मिडलंड्सची, म्हणजे चेशर-स्टॅफर्डशर भागातली, त्यामुळे लंडनचा समकालीन कवी चॉसर याच्या भाषेपेक्षा ती आजच्या वाचकाला बरीच अवघड जाते. हस्तलिखित ग्रंथसंग्राहक रॉबर्ट कॉटनच्या संग्रहात होते. १७३१ मध्ये या संग्रहाला आग लागली आणि ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याच्या पोथीच्या कडा करपल्या, पण ही पोथी बचावली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. फ्रेडरिक मॅडनने १८३९ मध्ये काव्य प्रथम छापले. पोथीत त्याला नाव नाही. प्रचलित शीर्षक आधुनिक संपादकांचे आहे.

काव्याच्या २,५३० ओळी, १०१ कडवी आणि चार भाग आहेत. लांब ओळ मधल्या यतीने दुभागते आणि तिच्यातले किमान तीन आघात (जोर देऊन उच्चारलेली अक्षरे) एकाच ध्वनीने सुरू होतात, म्हणजे ओळ यमकाऐवजी अनुप्रासावर उभी राहते. अशा लांब ओळींची संख्या प्रत्येक कडव्यात वेगळी असते. शेवटी एका आघाताची तुटक ओळ येते, तिला ‘बॉब’ म्हणतात, आणि तिच्यामागे तीन आघातांच्या चार यमकबद्ध ओळींचे ‘व्हील’. गंभीर वर्णनाला मिश्कील टोला द्यायचा असला की कवी तो बहुधा या शेपटात देतो.

कथेची सुरुवात कॅमलॉट इथल्या आर्थरच्या दरबारात नववर्षाच्या मेजवानीने होते. एका हातात हॉली या सदाहरित झुडपाची डहाळी आणि दुसऱ्या हातात कुऱ्हाड घेतलेला, अंगापासून घोड्यापर्यंत हिरवागार असा एक नाइट आत येतो आणि नाताळचा खेळ मांडतो: कोणीही माझ्यावर एक घाव घालावा, आणि एक वर्ष एक दिवसाने माझा घाव सोसायला यावे. आर्थरऐवजी गावेन पुढे होतो आणि पाहुण्याचे मुंडके उडवतो. पाहुणा ते उचलून हातात धरतो. मुंडके गावेनला ‘ग्रीन चॅपल’ (हिरवे प्रार्थनागृह) या ठिकाणी येण्याची आठवण करून देते आणि स्वार निघून जातो. शिरच्छेदाच्या या खेळाचे मूळ जुन्या आयरिश ‘ब्रिक्रूची मेजवानी’ या कथेत सापडते. तिथे आयरिश वीर कू खुलिन अशाच कसोटीला उतरतो. फ्रेंच कॅराडॉकच्या कथेतही तो आहे. शिरच्छेदाच्या खेळाला मोहाची आणि अदलाबदलीच्या कराराची अशी घट्ट सांगड घालणे हे या कवीचे कौशल्य.

गावेन निघतो तेव्हा त्याच्या लाल ढालीवर सोनेरी पंचकोनी तारा असतो. कवी कथा थांबवून या ताऱ्याचा अर्थ सविस्तर लावतो: निर्दोष पाच ज्ञानेंद्रिये, न चुकणारी पाच बोटे, ख्रिस्ताच्या पाच जखमा, मेरीचे पाच आनंद आणि पाच गुण. हे गुण म्हणजे उदारपणा, बंधुभाव, शुचिता, दरबारी सौजन्य आणि दया. मेरीचे चित्र ढालीच्या आतल्या बाजूला आहे, लढताना धीर सुटू नये म्हणून. ताऱ्याची रेघ कुठेच तुटत नाही, ती एक न संपणारी गाठ आहे, यावर कवीचा भर आहे. त्याने रचलेला पेच इथेच आहे. गुण एकमेकांत गुंफलेले असल्याने त्यांतल्या दोन गुणांच्या मागण्या एकमेकींविरुद्ध गेल्या, तर एक सांभाळताना दुसरा ताणला जातो.

वाटेत लागलेल्या बर्टिलाक नावाच्या सरदाराच्या गढीत नेमके हेच होते. नाताळच्या पूर्वसंध्येला गावेन तिथे पोहोचतो. चॅपल जवळच आहे, तोवर विश्रांती घे, असे यजमान सांगतो आणि एक करार करतो: दिवसभरात मी शिकारीत जे मिळवीन ते तुझे, तू गढीत जे मिळवशील ते माझे. यजमान रानात गेला की त्याची पत्नी गावेनच्या खोलीत येऊन पलंगावर बसते. तिला झिडकारले तर सौजन्य गेले. तिचे ऐकले तर पाप घडले, आणि ज्याच्या छपराखाली झोपलो त्या यजमानाशी दगाही झाला. खरा गावेन असता तर निदान एक चुंबन तरी मागितले असते, असे ती त्याच्या कीर्तीचाच आधार घेऊन टोचते. चुंबन हा तेव्हा दरबारी शिष्टाचाराचा भाग होता, म्हणून तेवढे देऊन सुटणे गावेनला जमते. संध्याकाळी तो ते यजमानाला प्रामाणिकपणे परत देतो. कुठे मिळाले, असे यजमान विचारतो तेव्हा, हे सांगणे करारात नव्हते, असे म्हणून टाळतो.

तीन दिवसांच्या तीन शिकारी शयनगृहातल्या प्रसंगांशी आलटून पालटून येतात. पहिल्या दिवशी माद्या हरिणांची. नरांना मारण्यावर त्या हंगामात बंदी असल्याने ते सोडले जातात. मारलेल्या जनावरांची चरबी तपासतात, तेव्हा सर्वांत रोडकीलाही दोन बोटे चरबी निघते. मग गळ्यापासून सुरी घालून ठरलेल्या क्रमाने आतडी, खांदे, फासळ्या आणि मांड्या सोडवतात. कावळ्याचा वाटा झुडपात फेकतात. कुत्र्यांना काळीज, फुप्फुसे आणि रक्तात भिजवलेला पाव मिळतो. कवीला या विद्येची बारीक माहिती आहे आणि ती सांगताना तो रमतो. दुसऱ्या दिवशी रानडुक्कर. यजमान ओढ्यात उतरून तलवारीने त्याला मारतो. तिसऱ्या दिवशी कोल्हा, ज्याच्या दुर्गंधी कातड्याशिवाय काहीच हाती लागत नाही. चुंबने अनुक्रमे एक, दोन आणि तीन.

तिसऱ्या दिवशी ती स्त्री आधी सोन्याची अंगठी देऊ करते. गावेन नाकारतो. मग ती सोन्याची किनार असलेला हिरवा रेशमी कमरपट्टा पुढे करते. तोही तो नाकारतो, पण हा बांधणाऱ्याला कोणीच मारू शकत नाही हे कळल्यावर घेतो आणि नवऱ्यापासून लपवायचे वचन देतो. चूक इथे होते, आणि ती कामवासनेची नाही. शुचितेवर त्याचा कडक पहारा होता. जिवाच्या भीतीकडे त्याचे लक्ष नव्हते. त्यानंतर तो पुरोहितापुढे पापांची कबुली देतो. पट्टा परत न करता मिळालेली क्षमा खरी की पोकळ, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या संध्याकाळी तो निळा झगा घालतो. निळा हा निष्ठेचा रंग मानला जाई. एरवी यजमान आधी देतो. आज गावेनच घाईने पुढे होऊन तीन चुंबने देतो. पट्ट्याचे नाव काढत नाही.

नववर्षाच्या सकाळी वाटाड्या, पळून जा, मी कोणाला सांगणार नाही, असे सुचवतो. गावेन नकार देतो. ग्रीन चॅपल म्हणजे एक पोकळ टेकाड. पलीकडून कुऱ्हाडीला धार लावल्याचा आवाज येतो. पहिल्या घावाला तो दचकतो आणि नाइट हात आखडतो. दुसरा घाव हूल ठरतो. तिसरा मानेला ओरखडा काढतो. हिरवा नाइट म्हणजे बर्टिलाकच. पहिले दोन दिवस प्रामाणिक होते, तिसरा नव्हता, म्हणून एवढीच जखम. तुझे तुझ्या जिवावर प्रेम होते, म्हणून दोष कमी, असे तो म्हणतो. या साऱ्या खेळामागे गढीत राहणारी एक म्हातारी, म्हणजे चेटकीण मॉर्गन ल फे होती.

गावेन स्वतःला भ्याड आणि लोभी म्हणतो, आणि लगेच आदम, सॉलोमन, सॅमसन, डेव्हिड यांची नावे घेत दोष बायकांवर ढकलतो. या परिच्छेदात तो सर्वांत खुजा दिसतो, आणि कवी हे खुजेपण झाकत नाही. कॅमलॉटला तो पट्टा खांद्यावरून कलंकाची खूण म्हणून बांधून परततो. दरबार मात्र हसतो, आणि सगळे नाइट तसाच हिरवा पट्टा मानचिन्ह म्हणून धारण करायचे ठरवतात. एकाच चुकीवर गावेन, बर्टिलाक आणि दरबार यांचे तीन वेगळे निवाडे पडतात. कवी स्वतःचा देत नाही. पोथीत काव्याखाली गार्टर या इंग्लंडच्या नाइट-सन्मानाचे फ्रेंच ब्रीदवाक्य लिहिलेले आहे, पण गार्टरचा पट्टा निळा आहे.

याच कथेचे ‘द ग्रीन नाइट’ नावाचे नंतरचे छोटे रूप पर्सी फोलिओ या सतराव्या शतकातल्या पोथीत मिळते. त्यात नाइटची चेटकीण सासू आणि तिचा बेत वाचकाला आरंभीच कळतो, आणि बाईचे गावेनवर खरेच प्रेम असते. पट्टाही हिरवा नसून पांढरा आहे, आणि बाथ सन्मानाचे नाइट तशी फीत का बांधतात याचे कारण म्हणून तो सांगितला आहे.