हीपिफाय म्हणजे बिल्ड हीप नव्हे

विश्रामबागेत माझ्याकडे संध्याकाळी प्रोग्रॅमिंगच्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करायला पोरं येतात. हीप सॉर्ट (हीप बांधून आकडे क्रमानं लावायची रीत) निघाला की दर बॅचला कुणीतरी ठरलेलं वाक्य बोलतोच: ‘सर, अ‍ॅरेला हीपिफाय केलं की झाला हीप.’ मी विचारतो, कुठल्या नोडला? मग गडी शेजारच्याच्या वहीत बघायला लागतो.

हीप म्हणजे अ‍ॅरेतले, म्हणजे ओळीनं मांडलेले, आकडे झाडासारखे बाप-पोरांच्या नात्यात बघायचे; झाडातली एकेक जागा म्हणजे नोड. मॅक्स हीपमध्ये बाप पोरांपेक्षा लहान नसतो आणि ० पासून मोजलं तर आय क्रमांकाच्या नोडची पोरं २आय+१ आणि २आय+२ वर बसतात. (आय म्हणजे इंडेक्स, घरातली आय नव्हे.) प्रोग्रॅमच्या मेमरीतल्या हीपचं याच्याशी नावापुरतंच नातं आहे. तो इथं मध्ये आणू नका.

या घोळाला पोरं एकटीच जबाबदार नाहीत. पायथॉन भाषेच्या हीपक्यू मॉड्यूलमधलं हीपिफाय अख्ख्या लिस्टचा हीप करून देतं. पाठ्यपुस्तकातलं मॅक्स-हीपिफाय मात्र एकाच नोडला हात लावतं, तो गरजेनुसार खाली सरकवतं आणि थांबतं. अख्ख्या अ‍ॅरेचं काम करणाऱ्याचं नाव तिथं बिल्ड-मॅक्स-हीप. सी प्लस प्लसवाल्यांनी मेक हीप असं सरळ नाव ठेवून ही भानगड टाळली. एका नोडवाल्याला मी ‘सिफ्ट डाउन’च म्हणतो, आणि माझ्या वर्गात दुसरं नाव चालत नाही.

नावावरून मी इतका चिडतो, कारण या एका नोडवाल्या फंक्शनची एक अट असते आणि ती कोडमध्ये कुठंच लिहिलेली नसते. ज्या नोडवर ते चालवायचं, त्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही पोरांखालचं झाड आधीच हीप असायला हवं. फंक्शन फक्त बाप आणि त्याच्या दोन पोरांतला मोठा कोण एवढंच बघतं. नातवंडांत कुणी त्याहून मोठा दडला असेल, तर त्याला पत्ता नसतो.

जत्रेतलं कुस्तीचं मैदान डोळ्यांसमोर आणा. आधी रेवड्यांवरच्या चिल्लर कुस्त्या, मग वाढत्या इनामाच्या आणि पहिल्या नंबरची कुस्ती सगळ्यात शेवटी. बिल्ड हीपचा क्रमही तोच, तळाकडून वर. म्हणून लूप न/२−१ पासून (‘न’ म्हणजे एकूण आकडे किती ते, भागाकारातला अपूर्णांक सोडायचा) उलटा ० पर्यंत येतो. पोरं तो ० पासून सुलटा चालवतात, म्हणजे मोठी कुस्ती आधी लावून मोकळी होतात.

१, २, ३, ४, ५, ६, ७ घ्या. सुलटा लूप चालवला तर आधी मुळातला, म्हणजे झाडाच्या सगळ्यात वरच्या नोडवरचा, १ खाली जातो: ३ वर येतो, मग ७ त्या ३ च्या जागी चढतो. अ‍ॅरे होतो ३, २, ७, ४, ५, ६, १. पुढं २ आणि ५ ची अदलाबदल होते. शेवटी हातात ३, ५, ७, ४, २, ६, १. मुळात ३ बसलाय आणि त्याचं पोर ७. याला हीप म्हणत नाहीत.

आता उलटा. क्रमांक २ वर ३ आहे, तिथं ७ चढतो. क्रमांक १ वर २ च्या जागी ५ येतो. मग मुळातला १ खाली उतरतो, आधी ७ वर जातो, पाठोपाठ ६. निघतं ७, ५, ६, ४, २, १, ३. सिफ्ट डाउन तीनदाच बोलावलं, कारण उरलेली चार पानं पोरंबाळं नसलेली, त्यांना खाली सरकायला जागाच नाही. १९६४ मध्ये विल्यम्स या संगणकशास्त्रज्ञानं हीप सॉर्ट मांडला तेव्हा तो एकेक आकडा आत घालत हीप बांधायचा. ही तळाकडून बांधायची रीत फ्लॉइड या दुसऱ्या संगणकशास्त्रज्ञानं त्याच वर्षी दिली, आणि तिला लागणारा वेळ ‘न’च्या पटीतच राहतो.

आलेला अ‍ॅरे सॉर्ट झालेला नाही, हे बघितलंत ना? ७ नंतर ५ आहे, आणि ५ नंतर ६. इथंच प्रिंट मारून ‘झालं सर’ म्हणणारेही असतात.

सॉर्टिंग आता सुरू होतं. मुळातला ७ शेवटच्या ३ शी बदलायचा, साइज एकनं कमी करायची आणि सिफ्ट डाउन फक्त मुळावर, एकदाच. इथं एकदा पुरतं, कारण बिघडलं फक्त मूळ, खालची दोन्ही झाडं जशीच्या तशी हीप आहेत. अट पाळलेली आहे. ३ च्या जागी ६ येतो आणि मिळतं ६, ५, ३, ४, २, १, मागं ७. चढत्या क्रमासाठी मॅक्स हीप का, याचं उत्तरही हेच: मोठा आकडा मागं जाऊन बसतो, वेगळा अ‍ॅरे लागत नाही.

साइज कमी करायची मात्र विसरू नका. साइज म्हणून पूर्ण ‘न’च दिलात, तर क्रमांक २ वर उतरलेल्या ३ ला पोरांत १ बरोबर ७ पण दिसतो, आणि नुकताच मागं बसवलेला ७ पुन्हा वर येतो. माझ्याकडं आलेल्या कोडमध्ये हीच चूक सगळ्यात उशिरा सापडते, कारण प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो आणि उत्तर चुकतं.