‘कॅन आय’ विचारलं म्हणजे इंग्रजी चुकलं?

परवानगी मागताना ‘मे’च हवं, ‘कॅन’ फक्त क्षमतेसाठी, असं वर्षानुवर्षं घोकून घेतलं जातं. ते खरं नाही. ‘कॅन आय सिट हिअर?’ हे शुद्ध इंग्रजी आहे आणि रोजच्या बोलण्यात तेच जास्त ऐकू येतं. ‘मे’ अधिक औपचारिक, एवढंच. (त्यावर ‘बसता येतं की नाही ते तुलाच ठाऊक’ असा टोमणा मारणाऱ्यालाही अर्थ कळलेला असतोच.)

खरी गोची ‘कुड’ची. ‘कुड आय लीव्ह अर्ली?’ असं नम्रपणे विचारता येतं. पण होकार देताना ‘येस, यू कुड’ चालत नाही, ‘येस, यू कॅन’ म्हणावं लागतं. आणि काल एकदाच मिळालेली परवानगी सांगायची असेल, तर ‘आय कुड लीव्ह’ नव्हे, ‘आय वॉज अलाउड टू लीव्ह’.