पीस कोअर : सामुदायिक विकास स्वयंसेवकाचे प्रशिक्षण व दैनंदिन जीवन

पीस कोअर ही अमेरिकेच्या संघराज्य सरकारची स्वयंसेवक संस्था आहे. मागणी करणाऱ्या देशातील गावात किंवा शहरी वस्तीत अमेरिकी नागरिकांना साधारण सत्तावीस महिन्यांसाठी पाठवायचे, त्यांतले पहिले तीन महिने प्रशिक्षणाचे आणि पुढची दोन वर्षे प्रत्यक्ष कामाची, अशी तिची पद्धत आहे. नावावरून विनोबांनी १९५७ मध्ये उभारलेल्या शांतिसेनेची आठवण होईल, पण या दोहोंचा संबंध नाही. स्वयंसेवक शिक्षण, आरोग्य, शेती, पर्यावरण, युवककार्य अशा क्षेत्रांत काम करतात. या सगळ्यांत जुन्यांपैकी एक आणि सर्वांत धूसर क्षेत्र सामुदायिक विकासाचे. शिक्षकाला वेळापत्रक मिळते, परिचारिकेला दवाखाना मिळतो. सामुदायिक विकासाच्या स्वयंसेवकाला फक्त गाव मिळते. तिथे काय करायचे हे गावाने ठरवायचे असते, आणि गावाला ते ठरवायची घाई असेलच असे नाही.

सिनेटर जॉन केनेडी यांनी १४ ऑक्टोबर १९६० रोजी पहाटे दोनच्या सुमारास मिशिगन विद्यापीठाच्या आवारात, आपली वाट पाहत थांबलेल्या विद्यार्थ्यांना प्रश्न केला : तुमच्यापैकी किती जण आपल्या आयुष्यातली काही वर्षे परदेशात काम करायला द्याल? अध्यक्ष झाल्यावर १ मार्च १९६१ रोजी त्यांनी आदेश काढून संस्था स्थापली आणि मेहुणे सार्जंट श्रायव्हर यांना पहिले संचालक नेमले. कायदा सप्टेंबरमध्ये झाला, तोवर शिक्षकांची पहिली तुकडी घानाच्या आक्रा विमानतळावर उतरलीही होती. सामुदायिक विकासाची सुरुवात त्याच वर्षी कोलंबियात झाली. ही संकल्पना मात्र पीस कोअरची स्वतःची नव्हे. भारतात उत्तर प्रदेशातील इटावा ग्रामविकास प्रकल्पाच्या अनुभवानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला होता, आणि ग्रामसेवक हा शब्द आपल्या खेड्यांत तेव्हापासूनच रुळला. गावाच्या गरजा गावाने सांगाव्यात, काम श्रमदानातून उभे राहावे आणि बाहेरच्या माणसाने मधला दुवा व्हावे, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे. फरक एवढाच की ग्रामसेवक सरकारी नोकर होता आणि त्याला भाषा येत होती.

पहिल्या दशकातले प्रशिक्षण अमेरिकेतच, विद्यापीठांच्या आवारात होई. दिवसभर भाषेचे तास, त्या देशाचा इतिहास, अमेरिकी राज्यव्यवस्था, साम्यवादाविषयी व्याख्याने (शीतयुद्धाचा काळ होता) आणि व्यायाम. लॅटिन अमेरिकेकडे जाणाऱ्या अनेकांना पोर्तो रिकोतील आरेसिबोजवळच्या छावण्यांत पाठवत. तिथे दोरावरून कडे उतरायचे आणि हातपाय बांधलेल्या अवस्थेत पाण्यात तरंगत राहायचे. या छावण्यांना क्रोझिअर आणि रॅडली ही नावे १९६२ मध्ये कोलंबियातील विमान अपघातात गेलेल्या दोन स्वयंसेवकांची. कडे उतरता आल्याने ग्रामसभेत बोलायची हिंमत येते असा आयोजकांचा कयास होता. तो कितपत खरा ठरला याविषयी शंका घ्यायला जागा आहे. प्रशिक्षणार्थींना याहून धास्ती वाटे ती निवड मंडळाची. मानसशास्त्रज्ञ मुलाखती घेत, सोबतच्यांकडून एकमेकांविषयी मते लिहून घेतली जात आणि मंडळ बसले की काहींना सामान बांधायला सांगितले जाई. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीपासून प्रशिक्षण हळूहळू प्रत्यक्ष यजमान देशात हलले आणि छाननी निघण्यापूर्वीच उरकली जाऊ लागली.

आजच्या प्रशिक्षणाचे उदाहरण म्हणून सेनेगल घेता येईल. १९६३ पासून तिथे स्वयंसेवक आहेत आणि प्रशिक्षण केंद्र थिएस शहरात आहे. नवी तुकडी केंद्रात फार काळ ठेवत नाहीत. चार-पाच जणांचे गट करून आसपासच्या गावांत पाठवतात आणि प्रत्येकाला वेगळ्या कुटुंबात ठेवतात. सकाळी झाडाखाली स्थानिक शिक्षकाबरोबर वोलोफ, पुलार किंवा सेरेर या भाषांचा तास होतो. ज्या भागात नेमणूक, तिथली भाषा शिकायची. दुपारनंतर रोपवाटिका, परसबाग किंवा बाजाराची पाहणी. संध्याकाळी कुटुंबातली पोरे उरलेले व्याकरण शिकवतात आणि चुकले की मनमुराद हसतात. मध्यंतरी काही दिवस आधीच्या तुकडीतील एखाद्या स्वयंसेवकाकडे राहायला पाठवतात. विहीर किती लांब, रात्री उजेड कशाचा, शौचालय कसे, हे तिथे डोळ्यांनी दिसते. काही जण इथूनच परत फिरतात आणि त्याला कोणी नावे ठेवत नाही. शेवटी प्रशिक्षित परीक्षकासमोर तोंडी भाषापरीक्षा होते, मग शपथविधी, आणि नंतर एकेकाला त्याच्या गावी सोडून गाडी निघून जाते.

यजमान कुटुंब पाहुण्याला नाव देते, बहुधा घरातल्याच कोणाचे, आणि त्याबरोबर आडनावही. सेनेगलमध्ये आडनावांत थट्टेची नाती आहेत. दिओप आणि एनजाय यांनी भेटल्या भेटल्या एकमेकांना खादाड म्हणून हिणवायचे, आणि राग मुळीच मानायचा नाही. त्यामुळे काल आलेल्या परदेशी ‘दिओप’ला बसमधला अनोळखी एनजाय आज जाहीरपणे भुक्कड म्हणतो, सगळी बस हसते, आणि कोणी कोणाचा कोण हा प्रश्न तिथेच मिटतो. भाषेच्या पुस्तकातले पन्नास धडे जे करत नाहीत ते असे एक आडनाव करते.

जेवणाचे नियमही प्रशिक्षणातच शिकवतात. दुपारी चेबु जेन, म्हणजे मासे-भाज्यांसह शिजवलेला भात, एका मोठ्या परातीत येतो. चपला चटईबाहेर काढायच्या, परातीभोवती बसायचे, उजव्या हाताने किंवा चमच्याने आपल्या समोरच्याच भागातले खायचे. पलीकडच्या माशाकडे हात न्यायचा नाही. घरातली बाई मधला मासा मोडून तुकडे सर्वांच्या पुढ्यात सारते, आणि पाहुण्याच्या वाट्याला अंमळ जास्त येते. तिकडे पॅराग्वेत अशीच परीक्षा तेरेरे या थंड पेयाची. गोलात बसलेल्यांना एकच जण आळीपाळीने पेला भरून देतो, सगळे एकाच नळीतून ओढतात. नवा माणूस पहिल्याच घोटानंतर आभार मानतो. तिथे आभार म्हणजे ‘आता पुरे’. त्यामुळे पेला पुढच्या फेरीत त्याला वगळून जातो आणि तो तहानलेला राहतो.

नेमणुकीच्या गावातले पहिले तीनेक महिने कोणताही प्रकल्प हाती घेऊ नये असे स्वयंसेवकांना बजावलेले असते. अमेरिकी पदवीधराला सगळ्यांत जड जाते ते हेच. त्याने करायचे ते असे : मुखियाला, इमामाला किंवा पाद्र्याला भेटायचे, शाळा, दवाखाना पाहायचा, घराघरांत बसायचे, बारशाला आणि मयतीला जायचे. भेटीत तब्येत, घरचे, गुरेढोरे, पाऊस अशी चौकशी पूर्ण झाल्याशिवाय कामाचा विषय काढणे उद्धटपणाचे ठरते. पश्चिम आफ्रिकेत आताया हा चहा निखाऱ्यांवर तीनदा उकळून तीन फेऱ्यांत देतात, पहिला कडू, शेवटचा गोडमिट्ट, आणि तो पूर्ण व्हायला तासाहून जास्त वेळ सहज जातो. हा वेळ वाया गेला असे ज्याला वाटत राहते त्याची दोन वर्षे कठीण जातात. ज्याला वाटत नाही त्याला गावातली भांडणे, उधाऱ्या, कोणाचा शब्द चालतो आणि कोणाचा नुसता आवाज मोठा आहे, हे सगळे याच चहावर कळते.

या काळात वापरायची साधनेही दिलेली असतात : गावाचा नकाशा, पुरुषांची व बायकांची वेगवेगळी दिनचर्या, वर्षाचे हंगामी कॅलेंडर आणि गरजांची क्रमवारी. ही पद्धत ग्रामीण सहभागी मूल्यावलोकनातून, म्हणजे गावकऱ्यांनीच आपल्या गावाची पाहणी करण्याच्या रीतीतून, घेतलेली आहे, आणि आपल्याकडच्या गावांत रांगोळीने जमिनीवर काढलेले नकाशे ज्यांनी पाहिले असतील त्यांना ती ओळखीची वाटेल. बायकांना आणि पुरुषांना वेगळे बसवण्यात या पद्धतीचा खरा कस आहे. पुरुषांच्या नकाशात शेते, रस्ता आणि मशीद ठळक येते, बायकांच्या नकाशात पाणी, सरपण आणि दळण. एकाच गावाचे दोन नकाशे शेजारी ठेवले की बैठक आपोआप बोलती होते.

रोजचा दिवस वरवर साधा असतो. पाणी भरणे किंवा विकत आणणे, गाळणे, उकळणे. मच्छरदाणी खोचून झोपणे, हिवतापाच्या भागात त्यावरची गोळी न चुकवता घेणे. बादलीतल्या पाण्याने तांब्या तांब्याने अंघोळ करण्याचे वर्णन स्वयंसेवक मोठ्या अप्रूपाने करतात, ते वाचून मराठी वाचकाला गंमत वाटेल. निर्वाहभत्ता गावातल्या राहणीमानाला साजेसा असतो. पगार नसतो. सेवा संपल्यावर घडी बसवण्यासाठी एकरकमी पैसे मिळतात, सुरुवातीच्या काळात ते महिन्याला ७५ डॉलर या हिशेबाने साठत. रजा महिन्याला दोन दिवस. सायकलवर हेल्मेट सक्तीचे आहे आणि ते न घातल्यास घरी पाठवण्याची तरतूद आहे. मोटारसायकल बहुतेक देशांत वर्ज्य. प्रत्येक देशात संस्थेचा वैद्यकीय अधिकारी असतो आणि जुलाबापासून एकाकीपणापर्यंत सगळ्या तक्रारी त्याच्याकडे जातात. यांतली दुसरी तक्रार जास्त असते असे परतलेल्यांच्या बोलण्यातून जाणवते. गोऱ्या माणसामागे ‘तुबाब, तुबाब’ ओरडत फिरणारी पोरे पहिल्या आठवड्यात गोड वाटतात, सहाव्या महिन्यात नाही. गोरे नसलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांना वेगळेच ऐकावे लागते : तू अमेरिकन कसा?

प्रत्यक्ष काम उभे राहते ते बहुधा छोटे असते. परसबाग, रोपवाटिका, वाचनालय, युवकांचा गट, हिशेब लिहायला शिकवणे, बचतगट. आफ्रिकेत बचतगटांची जी पद्धत पसरली आहे ती १९९१ मध्ये नायजर देशात केअर या संस्थेने सुरू केली. तिच्यात बँक नसते, लोखंडी पेटी असते. पेटीला तीन कुलपे, किल्ल्या तीन वेगवेगळ्या सभासदांकडे, आणि उघडायची ती फक्त भर बैठकीत. महाराष्ट्रातल्या गटांना बँक आणि सरकारी योजना जोडल्या गेल्या, आफ्रिकेत वर्षाअखेरीस सगळी रक्कम व्याजासह वाटून टाकतात आणि पुन्हा शून्यापासून सुरू करतात. स्वयंसेवकाने पेटीला हात लावायचा नाही, नुसते बसायचे, हा नियम शहाणपणाचा आहे. बांधकामासाठी संस्थेमार्फत देणग्या मिळवता येतात, पण खर्चाचा किमान चौथा हिस्सा गावाने वर्गणी, साहित्य किंवा श्रमदानातून उचलावा लागतो. अनुभवी स्वयंसेवक पैशाचा मार्ग शक्य तितका उशिरा दाखवतात. एकदा देणगी आली की पुढे तो माणूस देणगीचाच माणूस म्हणून ओळखला जातो.

या साऱ्या कल्पनेवर टीका पहिल्यापासून झाली. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेला जाऊ पाहणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले की पाहायला या, डोंगर चढा, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. पीस कोअरच्या आतही तक्रार होती ती अशी की इतिहास-साहित्याच्या ताज्या पदवीधरांना ‘समाज संघटित करा’ एवढ्याच सूचनेवर वस्त्यांत सोडले जाते. लॅटिन अमेरिकेतील अनेक स्वयंसेवक आपण नेमके करतो काय हेच महिनोन्‌महिने शोधत राहिले. १९६९ नंतर संस्थेने कुशल, अनुभवी माणसे घेण्यावर भर दिला तो याचमुळे. बोलिव्हियाने १९७१ मध्ये तर त्यांची रवानगीच केली. टीकेतले तथ्य मान्य करूनही एक गोष्ट सांगायला हवी : तज्ज्ञ म्हणून येऊन हॉटेलात उतरणाऱ्यांपेक्षा गावात दोन वर्षे राहणाऱ्याला गाव तपासून पाहू शकते, आणि नको असेल तर शांतपणे दुर्लक्षही करू शकते.

भारतात पहिली तुकडी १९६१ च्या अखेरीस पंजाबात आली. कुक्कुटपालन हे इथल्या कार्यक्रमाचे ठळक अंग होते. शहरी पदवीधरांना काही आठवड्यांत कोंबड्यांचे खाद्य, रोग आणि खुराडे शिकवून पाठवत. १९६६-६७ च्या दुष्काळी काळात संख्या झपाट्याने वाढली, मग दोन्ही देशांतले संबंध बिघडत गेले आणि १९७६ मध्ये कार्यक्रम बंद झाला. महाराष्ट्रातल्या स्वयंसेवकांपैकी सर्वांत परिचित नाव लिलियन कार्टर यांचे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या त्या आई. पेशाने परिचारिका, वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ मध्ये त्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या. आधी त्यांना कुटुंबनियोजनाच्या कामावर घातले होते. ते त्यांना रुचले नाही आणि त्या दवाखान्यात रुग्णसेवेकडे वळल्या. जवळपास दोन वर्षे राहून त्या १९६८ मध्ये परतल्या. वयाची कमाल मर्यादा नसणे हा नियम आजही कायम आहे. किमान वय १८ आणि अमेरिकी नागरिकत्व या अटी आहेत. भारतीय नागरिकांना असे काम करायचे असल्यास १९७१ पासून कार्यरत असलेला संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम हा त्यातल्या त्यात जवळचा मार्ग.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे साठाहून अधिक देशांतील जवळपास सात हजार स्वयंसेवकांना काही दिवसांत परत बोलावण्यात आले. संस्थेच्या इतिहासात सर्व स्वयंसेवक एकाच वेळी मागे घेण्याची ही पहिलीच वेळ. अनेकांना गावाचा निरोप घेण्याइतकाही अवधी मिळाला नाही. बचतगट, रोपवाटिका आणि वाचनालये स्थानिक सहकाऱ्यांच्या हाती राहिली. पुन्हा तुकड्या रवाना झाल्या त्या मार्च २०२२ मध्ये, प्रथम झांबिया आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकाकडे.