वृद्धांचे बहुभाषिक डिजिटल शिक्षण

अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना स्मार्टफोन, संगणक व इंटरनेटवरील सेवांचा वापर त्यांच्या बोलीभाषांतून शिकविण्याची पद्धती. ‘डिजिटल साक्षरता’ ही संज्ञा मुख्यतः पॉल गिल्स्टर यांच्या १९९७ मधील त्याच नावाच्या ग्रंथामुळे रूढ झाली; वृद्धांचे संगणकवर्ग मात्र त्याहून जुने आहेत.

तात्त्विक पाया वृद्धशिक्षणशास्त्राचा (जेरागॉजी) असला, तरी या संज्ञेच्या उगमाविषयी एकमत नाही. श्रेय बहुधा हान्स मीस्केस (१९५६) यांना दिले जाते. काही लेखक ओटो बोल्नोव (१९६२) यांच्यापासून आरंभ मानतात. प्रौढशिक्षणशास्त्र (अँड्रागॉजी) ही संज्ञा अलेक्झांडर काप यांनी १८३३ मध्येच योजली होती. मॅल्कम नोल्स यांनी ती १९६८ नंतर लोकप्रिय केली. वृद्धांसाठी निराळे शास्त्र हवेच का, हा वाद जुनाच आहे. ग्लेंडेनिंग व बॅटर्सबी यांनी १९९० मध्ये वृद्धांना एकजिनसी समूह मानण्यावर आक्षेप घेतला. गरीब व बहुभाषिक वर्गाच्या संदर्भात तो अधिक ग्राह्य वाटतो.

बोलण्याची भाषा आणि वाचण्याची लिपी एकच असेल, असे येथे गृहीत धरता येत नाही. मातृभाषा अस्खलित बोलणारी व्यक्ती दुसऱ्याच भाषेत शिकलेली असते, किंवा तिला अक्षरओळखच नसते. फोनची भाषा बदलली की प्रश्न सुटतो, हा समजही अपुरा आहे. ‘सेटिंग’, ‘पासवर्ड’ हे कानावरून गेलेले शब्द असतात. त्यांचे शुद्ध प्रतिशब्द पडद्यावर अनोळखी ठरतात. म्हणून रूढ शब्द तसेच ठेवून स्पष्टीकरण तेवढे बोलीत द्यावे, हे बरे. उर्दू किंवा अरबीसारख्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषेत पडद्याची मांडणीच उलटते. अँड्रॉइडमध्ये ही सोय आवृत्ती ४.२ पासून (२०१२) आली. मिश्र वर्गात ‘डावीकडचा बाण दाबा’ ही सूचना त्यामुळे निम्म्यांना चुकीची ठरू शकते. बाणाचे काम सांगणे अधिक सुरक्षित.

बोटांची त्वचा कोरडी असल्यास स्पर्शपडदा नीट प्रतिसाद देत नाही. बोट रेंगाळले की टिचकीऐवजी ‘दाबून धरणे’ नोंदले जाते आणि भलताच पर्याय उघडतो. शिकणाऱ्याला वाटते, फोन बिघडला. स्पर्शाचा अवधी वाढविण्याची सोय बऱ्याच फोनमध्ये असते. अल्प उत्पन्न गटात फोन अनेकदा घरात सामाईक, जुना व कमी साठवणक्षमतेचा असतो. त्यामुळे सराव वर्गातील नव्या यंत्रावर न घेता शिकणाऱ्याच्याच फोनवर घेतात. ओटीपीची गुप्तता मात्र पहिल्याच तासाला शिकवावी लागते.