नागपूरच्या शाळांमधलं स्टेम शिक्षण

सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग आणि मॅथ्स हे चार विषय वेगवेगळ्या तासांत न वाटता एकाच प्रश्नाभोवती एकत्र शिकवायचे, याला स्टेम शिक्षण म्हणतात. शाळेच्या जाहिरातीत हा शब्द आला की सोबत रोबोटचा फोटो असतोच, पण वर्गात खरं काम होतं ते मुलाने आधी अंदाज लिहिला, मग स्वतः माप घेतलं आणि दोन्ही जुळले नाहीत म्हणून डोकं खाजवलं तेव्हा. त्यासाठी महागडं किट लागतंच असं नाही. नागपुरात ऊन, संत्री आणि कूलर भरपूर आहेत, सुरुवातीला तेवढं खूप झालं.

संत्र्यापासूनच सुरू करू. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय टॅग मिळाला वगैरे मुलांना पाठ असतं, पण त्याच संत्र्यावर आठवडाभराचे तास निघतात हे कोणी सांगत नाही. अख्खं संत्रं बादलीत टाकलं की तरंगतं, सोललं की वजन कमी होऊनही बहुतेक वेळा बुडतं, कारण हलकी हवा त्या सालीच्या पांढऱ्या भागात असते (कधी कधी फोडींच्या मधल्या पोकळीत हवा अडकून सोललेलंही तरंगतं, तेव्हा तर वर्गात खरी मजा येते). साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ चिमटली की फवारा पेट घेतो, तीच साल फुगवलेल्या रबरी फुग्यावर पिळली की फुगा फट्कन फुटतो आणि थर्माकोलवर पिळली की थर्माकोल विरघळतं. तिन्ही करामती सालीतल्या लिमोनीन नावाच्या तेलाच्या. डोळे सांभाळायचे आणि मेणबत्ती सरांनीच धरायची, हे सांगायला नकोच.

आता गणित. संत्रं मधोमध आडवं कापून त्याच्या काठाने कागदावर चार वर्तुळं काढायची आणि साल बारीक तुकडे करून त्यांत बसवायची. वर्तुळाचं क्षेत्रफळ πआर² (आर म्हणजे त्रिज्या) आणि गोलाचं पृष्ठफळ ४πआर² असतं, म्हणजे चार वर्तुळं भरायला हवीत. पण आपलं संत्रं वरखाली चपटं असल्यामुळे चौथं वर्तुळ पूर्ण भरत नाही, आणि कमी का पडलं यावर जी चर्चा होते ती सूत्र घोकण्यापेक्षा कितीतरी भारी असते. फळात तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा खुपसून वीज काढायचा प्रयोग सगळे करतात, फक्त वीज संत्र्यातून येते असं शिकवू नका, ती जस्त झिजतं त्यातून येते, रस हा नुसता मधला माध्यम. एका फळावर साधारण ०.९ व्होल्ट मिळतात, लाल एलईडी लावायचा तर दोन-तीन फळं एकामागे एक जोडावी लागतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो तेव्हा मृग बहाराची संत्री बाजारात असतातच.

उन्हाचं म्हणाल तर नागपूर सुमारे २१.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २६ मे आणि १७ जुलैच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते. गंमत अशी की मे मध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ भरलेलं, म्हणजे शून्य सावली बघायला शाळेच्या वेळापत्रकाने जणू बंदीच केलीये. म्हणून २२ डिसेंबर बरा. त्या दिवशी १२ वाजून १२ मिनिटांच्या सुमारास एक मीटर काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच, ९८-९९ सेंटिमीटर पडते. हैदराबाद जवळपास आपल्याच रेखांशावर आहे, तिथे त्याच दुपारी ती ८६-८७ सेंटिमीटर असते. तिथल्या एखाद्या शाळेला फोन करून माप मागवा, सावलीवरून दोन्हीकडे सूर्यकिरणांचा काठीशी होणारा कोन काढा, त्या दोन कोनांतला फरक पावणेचार अंश येतो, दोन शहरांतलं सरळ अंतर सुमारे ४२० किलोमीटर, मग पावणेचार अंशांना एवढं तर ३६० अंशांना किती असं त्रैराशिक मांडून पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास निघतो. सावली मोजताना एक सेंटिमीटर चुकलं तर उत्तर तीन हजार किलोमीटरने हलतं, आणि अचूकता कशाला म्हणतात ते पोरांना तेव्हा कळतं.

कूलरचा प्रयोग सगळ्यात स्वस्त. प्रयोगशाळेतले दोन साधे थर्मामीटर घ्यायचे, एकाच्या बल्बला ओलं सुती कापड गुंडाळायचं आणि दोन्हींना वारा घालायचा. एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटताना दोघांत बारा-पंधरा अंशांचा फरक सहज दिसतो, जुलैत तोच दोन-तीनवर येतो. पाणी उडून जाताना गारवा देतं, कूलरही तेच करतो, आणि दमट हवेत पाणी फारसं उडतच नाही. पावसाळ्यात कूलर का चालत नाही, हे मग घरी आईबाबांना पोरंच समजावतात.

शहरातल्या सोयींमध्ये पहिलं नाव गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्राचं, ते १९९२ मध्ये सुरू झालं आणि तारांगण १९९७ मध्ये जोडलं गेलं. (सी. व्ही. रमण वित्त खात्यात असताना काही काळ नागपुरात नोकरीला होते.) तिथे सहल नेताना 'सगळं बघून या' म्हणण्यापेक्षा एकच दालन आणि तीन प्रश्न द्यावेत, नाहीतर पोरं बटणं दाबत पळत सुटतात. महापालिकेच्या शाळांच्या मुलांचा अपूर्व विज्ञान मेळावाही बघण्यासारखा असतो, साध्या वस्तूंचे प्रयोग मुलं स्वतः समजावून सांगतात. २०२३ च्या जानेवारीत १०८ वी इंडियन सायन्स काँग्रेस इथल्या विद्यापीठात भरली होती.

टाकाऊ वस्तूंचे प्रयोग हवेत तर टाकाऊतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची वेबसाइट उघडा, सगळं फुकट आहे. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून आकृत्या बनवायचा त्यांचा प्रकार मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या (आताचं नर्मदापुरम) शालेय विज्ञान कार्यक्रमाच्या काळातला, तो कार्यक्रम १९७२ ते २००२ चालला आणि गाव आपल्यापासून तसं लांबही नाही. कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर करायचे प्रयोग) मराठीतही आहेत, सर्किटसाठी छानच, पण आधी खरा सेल आणि खरा बल्ब हातात द्या.

अटल टिंकरिंग लॅब ही नीती आयोगाची योजना, २०१६ पासूनची, सहावी ते बारावीसाठी, निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, त्यात थ्रीडी प्रिंटर, सेन्सर वगैरे. लॅब चांगलीच आहे, फक्त किल्ली कोणाकडे असते ते विचारा, कारण पाहुणे येतात तेव्हाच कुलूप उघडत असेल तर उपयोग काय. मुलाची स्वतःची आयडिया असेल तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत शाळेमार्फत ऑनलाइन पाठवता येते, निवड झाली की मॉडेलसाठी १०,००० रुपये मिळतात.